गरज सरो, वैद्य मरो

नोव्हेंबर २०१४ मध्ये ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या ऑनलाइन खेळाचा ‘वॉरलॉर्ड्स ऑफ ड्रेनॉर’ हा नवा भाग आला आणि दरमहा वर्गणी भरून खेळणाऱ्यांचा आकडा पुन्हा एक कोटीवर गेला. पुढच्या वर्षी जूनअखेर तो ५६ लाखांपर्यंत उतरला होता. त्याच वर्षाच्या शेवटी कंपनीने जाहीर केले की वर्गणीदारांची संख्या यापुढे प्रसिद्ध केली जाणार नाही. सात-आठ महिन्यांत चाळीस लाखांहून अधिक माणसे निघून गेली. खेळ मोडला नव्हता. चित्रे पूर्वीपेक्षा सुंदर होती आणि सर्व्हरही पूर्वीपेक्षा भक्कम होते. अशा ओहोटीची कारणे सहसा ठरलेली सांगितली जातात: नवे काही करायला उरले नाही, स्पर्धक वाढले, खेळणाऱ्यांची वये वाढली, नोकरी-संसार मागे लागला. यातले प्रत्येक कारण थोडेथोडे खरे आहे. पण या खेळांचा गेल्या चार-पाच दशकांचा इतिहास ओळीने पाहिला तर एक वेगळेच कारण पुन्हा पुन्हा समोर येते. या खेळांनी खेळाडूला हळूहळू इतके स्वयंपूर्ण केले की त्याला कुणाची गरज राहिली नाही, आणि कुणाला त्याचीही गरज राहिली नाही. ज्याच्यावाचून कुणाचे अडत नाही, त्याला निघून जायला कितीसा वेळ लागणार?

आपल्याकडे ऑनलाइन खेळ म्हटले की बहुतेकांना ‘पबजी’ आठवतो. २०२० च्या सप्टेंबरात बंदी येईपर्यंत तो महाराष्ट्रातही गावोगावी पोहोचला होता. तो खेळ अर्ध्या तासात आटोपतो. डाव संपला की ते जगही संपते, आणि पुढचा डाव कोऱ्या पाटीवर सुरू होतो. इथे ज्यांचा विचार करायचा आहे ते खेळ दुसऱ्या जातीचे आहेत. त्यांत हजारो माणसे एकाच काल्पनिक जगात आपापले पात्र घेऊन वावरतात. ते पात्र योद्धा, मांत्रिक, वैद्य किंवा कारागीर असे काहीही असते. खेळाडू झोपला तरी ते जग चालूच राहते, आणि कमावलेली शस्त्रे, ओळखी, नावलौकिक दुसऱ्या दिवशी तसाच सापडतो. डावाच्या खेळाला माणूस रोज नव्याने मिळाला तरी भागते. वस्तीच्या खेळाला तोच माणूस परत यावा लागतो. म्हणून खेळाडू टिकवणे हा या प्रकारात धंद्याचा प्रश्न आहेच, पण त्याआधी तो खेळाच्या अस्तित्वाचा प्रश्न आहे.

या वस्तीची पायाभरणी इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात झाली. १९७८ मध्ये रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्याने ‘मड’ नावाचा खेळ लिहायला घेतला आणि रिचर्ड बार्टल यांनी तो पुढे नेला. त्यात चित्र नव्हते, फक्त पडद्यावर उमटणारी वाक्ये होती. पण एकाच वेळी अनेक जण त्या शब्दांच्या जगात शिरून एकमेकांशी बोलू शकत होते, भांडू शकत होते. याच बार्टल यांनी १९९६ मध्ये खेळाडूंचे चार प्रकार सांगणारा एक लेख लिहिला: यश मिळवू पाहणारे, जग धुंडाळणारे, माणसांत रमणारे आणि दुसऱ्यांना छळण्यात सुख मानणारे. हे वर्गीकरण पुढे फार गाजले, पण त्या लेखाचा गाभा वर्गीकरणात नव्हताच. एका प्रकारच्या खेळाडूंची संख्या वाढली की दुसऱ्या प्रकारची कशी घटते किंवा वाढते, याचा तो हिशोब होता. छळणारे वाढले की गप्पांत रमणारे पळतात, आणि तेच पळाले तर छळायला कुणी उरत नाही. म्हणजे खेळाडू का टिकतात याचे पहिले गंभीर उत्तर सुरुवातीपासूनच माणसांच्या परस्परसंबंधांत शोधले गेले होते. राक्षस किती, तलवारी किती, नकाशा केवढा, हा भाग त्यात दुय्यम होता.

त्या काळी हा शौक महाग होता. अमेरिकेत ‘कॉम्प्युसर्व्ह’ या ऑनलाइन सेवेवर असा एखादा खेळ खेळायला तासाला सहा ते बारा डॉलर मोजावे लागत, त्यामुळे वस्त्या लहान राहिल्या. नव्वदीच्या मध्यावर महिन्याची ठरावीक वर्गणी आली आणि दारे उघडली. १९९७ च्या सप्टेंबरात टेक्सासमधल्या ‘ओरिजिन’ कंपनीचा ‘अल्टिमा ऑनलाइन’ आला आणि थोड्याच महिन्यांत त्याने लाखभर वर्गणीदार गाठले. रिचर्ड गॅरियट, राफ कोस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या खेळासाठी एक संपूर्ण निसर्गचक्र रचले होते. गवत, त्यावर जगणारे प्राणी आणि त्या प्राण्यांवर जगणारी श्वापदे, अशी ती साखळी होती. खेळाडूंनी प्राणी जन्मण्याच्या वेगापेक्षा जास्त वेगाने मारून टाकले आणि ती सगळी योजना गुंडाळावी लागली. खेळ बनवणाऱ्यांसाठी यात एक कायमचा धडा होता. खेळाडू जितक्या वेगाने एखादी गोष्ट फस्त करतात, तितक्या वेगाने ती कुणीही निर्माण करू शकत नाही. मग महिने आणि वर्षे माणसाला धरून ठेवायचे तर न संपणारी एकच गोष्ट उरते, ती म्हणजे दुसरा माणूस.

१९९९ च्या मार्चमध्ये आलेल्या ‘एव्हरक्वेस्ट’ने हे तत्त्व, कळत असो वा नकळत, टोकाला नेले. त्यात मेल्यावर प्रेत सगळ्या सामानासकट तिथेच पडून राही आणि ते आणायला उघड्या अंगाने परत जावे लागे. गमावलेला अनुभव परत हवा तर क्लेरिकची, म्हणजे इथल्या वैद्याची, मनधरणी करावी लागे. लांबचा प्रवास लवकर उरकायचा तर मांत्रिक किंवा ड्रुइड यांना गाठावे लागे, कारण मंत्राने दुसऱ्याला दूरच्या ठिकाणी पोहोचवणे फक्त त्यांनाच जमे. खरेदी-विक्रीसाठी कंपनीने काही सोय केलेली नव्हती, म्हणून अनेक सर्व्हरांवर ‘ईस्ट कॉमनलँड्स’ भागातल्या एका बोगद्यात खेळाडूंनी आपणहून बाजार भरवला. तिथे ओरडून माल विकायचा, घासाघीस करायची, आणि कोण सचोटीचा नि कोण लबाड हे तोंडोतोंडी पसरायचे. मग सुधारणा आल्या. डिसेंबर २००१ च्या ‘शॅडोज ऑफ लुक्लिन’ या विस्तारित भागाने खास बाजारपेठ दिली. तिथे पात्र उभे करून खेळाडूने निघून जावे, विक्री आपोआप होई. पुढच्या वर्षीच्या ‘प्लेन्स ऑफ पॉवर’ने ठिकठिकाणी जादूची दारे दिली, आणि कुणालाही कुठेही जाता येऊ लागले. दोन्ही सोयी लोकांना आवडल्या. बोगदा मात्र ओस पडला आणि प्रवास घडवणाऱ्या मांत्रिकाचा मानही गेला. वेळ वाचला हे खरे, पण त्या वेळात माणसे एकमेकांना भेटत होती.

हाच प्रकार ‘स्टार वॉर्स गॅलेक्सीज’मध्ये अधिक उघडपणे घडला. २००३ मध्ये आलेल्या या खेळात तीसहून अधिक व्यवसाय होते. लढणाऱ्याच्या मनावरचा शीण घालवायला त्याला कँटिनात जाऊन नर्तक-वादकांसमोर बसावे लागे. जखमांसाठी डॉक्टर होता, आणि शस्त्रे, कपडे, घरे खेळाडू-कारागीरच बनवत. एकदाही तलवार न उचलता गावात नाव कमावता येत होते. नोव्हेंबर २००५ मध्ये सोनीच्या कंपनीने एका फटक्यात ही रचना मोडली आणि नऊ सोपे, सिनेमातल्या नायकांसारखे व्यवसाय ठेवले. हेतू असा की नव्या माणसाला आल्याआल्या नायक झाल्यासारखे वाटावे. विस्तारित भाग नुकताच विकत घेतलेल्यांचा संताप एवढा झाला की कंपनीला पैसे परत द्यावे लागले. अपेक्षित नवी गर्दी आली नाही, आणि जुन्या कारागिरांपैकी अनेकांनी दुकाने बंद केली. डिसेंबर २०११ मध्ये खेळच बंद झाला. सगळेच नायक असलेल्या गावात शिंपी, गायक आणि वैद्य यांना काही काम उरत नाही. ते गेले की नायकाला पाहणारेही कुणी उरत नाही.

‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ नोव्हेंबर २००४ मध्ये आला तो मुळातच अधिक सोपा होता. बरीच मजल एकट्याने मारता येई, आणि मृत्यूची शिक्षाही सौम्य होती. तरी मोठ्या मोहिमांसाठी चाळीस जणांची जमवाजमव लागे. लहान गुहांसाठीही पाच जण शोधा, त्यांची वाट पाहा, गुहेच्या तोंडापर्यंत चालत जा, हे सोपस्कार होतेच. डिसेंबर २००९ मध्ये एक नवी सोय आली. बटण दाबले की यंत्र वेगवेगळ्या सर्व्हरांवरचे पाच जण जुळवून थेट गुहेत सोडू लागले. २०११ मध्ये मोठ्या मोहिमांनाही तशीच सोय मिळाली. त्यानंतर सोबतीला आलेला माणूस पुन्हा भेटण्याची शक्यता जवळजवळ संपली. उद्धटपणाची किंमत उरली नाही आणि चांगुलपणाचे फळही उरले नाही. २०१४ च्या ज्या भागाने एक कोटीचा आकडा परत आणला, त्याने तर प्रत्येक खेळाडूला स्वतःची गढी बांधून दिली. गढीत खाण, औषधी वनस्पतींची बाग, कार्यशाळा आणि हुकूम पाळणारे यंत्रचलित सेवक होते. सगळे घरबसल्या मिळू लागले. शहरांतले चौक रिकामे झाले, कारण प्रत्येक जण आपापल्या गढीत एकटा बसला होता. लेखाच्या सुरुवातीला दिलेली घसरण याच गढ्यांच्या वर्षातली आहे.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. सोयींमुळे माणसे जातात म्हणता, मग सोयींनीच तर ती आणली! ‘अल्टिमा ऑनलाइन’मध्ये वाटमारी इतकी बोकाळली होती की २००० मध्ये कंपनीने जगाची दुसरी, सुरक्षित प्रत काढली. जुन्या खेळाडूंनी बोटे मोडली, पण वर्गणीदार वाढले. ‘वॉरक्राफ्ट’चा एक कोटी वीस लाखांचा उच्चांकही ऑक्टोबर २०१० मधला, म्हणजे ती जुळवणीची सोय आल्यानंतरचा आहे. हे नाकारण्यात अर्थ नाही, आणि एका सुधारणेने एवढे जग ओस पडले असेही कुणी म्हणू नये. मात्र माणूस येणे आणि माणूस राहणे यांचे नियम वेगळे आहेत. आत येताना त्याला अडथळे नको असतात, आणि राहण्यासाठी त्याला गुंतणे हवे असते. सोयीचा फायदा पहिल्या महिन्याच्या आकड्यांत लगेच दिसतो. तुटलेल्या ओळखींचा तोटा दोन-तीन वर्षांनी दिसतो, तोही कोणत्याच एका खात्यावर मांडता येत नाही. म्हणून तिमाही हिशोब देणाऱ्या कंपनीला प्रत्येक सोय शहाणपणाची वाटली आणि त्यांच्या बेरजेचा जाब कुणी विचारला नाही.

दुसरा आक्षेप अभ्यासकांचा आहे. निकोलस ड्यूशनो, निक यी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये ‘वॉरक्राफ्ट’मधल्या वावराचा अभ्यास मांडला. त्यात असे दिसले की लोक बराचसा वेळ एकटेच खेळतात, आणि इतर खेळाडू त्यांना सोबती म्हणून कमी, प्रेक्षक आणि पार्श्वभूमी म्हणून जास्त लागतात. मग परस्परावलंबनाचा एवढा गवगवा कशाला? पण प्रेक्षक असणे हीसुद्धा एक गरजच आहे. दुर्मिळ घोड्यावर बसून चौकातून जाणाऱ्याला ओळखणारा चौक लागतो. पुढच्या काळात सर्व्हर एकमेकांत मिसळले, पात्राचे नाव-गाव बदलून मिळू लागले, आणि शेजारी रोज वेगळा दिसू लागला. त्याबरोबर हा चौकही विरला. त्यात दर विस्तारित भागासोबत जुनी शस्त्रे निकामी ठरवण्याचा प्रघात पडला. दोन वर्षे खपून मिळवलेली ढाल नव्या भागाच्या पहिल्या आठवड्यात मोडीत निघते. माणसाला एकटे खेळायला आवडत असेलही, पण आपल्या श्रमांची ओळख असलेला समाज त्याला भोवती हवा असतो.

तिसरा आक्षेप असा की मग जुना कडकपणा परत आणा, म्हणजे झाले. हा प्रयोग होऊन गेला आहे. जून २०१४ मध्ये आलेल्या ‘वाइल्डस्टार’ने चाळीस जणांच्या अवघड मोहिमा मोठ्या अभिमानाने परत आणल्या. २०१८ मध्ये तो बंद पडला. काठिण्य म्हणजे परस्परांची गरज नव्हे. चाळीस जण एकाच वेळी हजर राहण्याची सक्ती हा हजेरीपट झाला. वैद्याकडे, कारागिराकडे, वाटाड्याकडे आपापल्या कामासाठी जाणे निराळे. शिवाय गरज लादलेली असली की ती जाच होते, हे आपल्या गावगाड्याच्या इतिहासावरून मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको. बलुतेदारीत प्रत्येकाचे काम दुसऱ्याला लागत होते, पण ते काम नाकारण्याची वा बदलण्याची मोकळीक नव्हती आणि जन्मावरून ठरलेली प्रतिष्ठाही सगळ्यांना सारखी नव्हती. खेळात नर्तक व्हायचे की वैद्य, हे माणूस स्वतः निवडतो. ती निवड जिवंत ठेवून तिला मोल देणे एवढेच खेळ रचणाऱ्याचे काम असते. ते नेमके हातातून सुटले.

चौथा आक्षेप मला सर्वांत अवघड वाटतो. सोयी कंपन्यांनी लादल्या नाहीत, खेळाडूंनीच मागितल्या. ‘रूनस्केप’ची गोष्ट पाहा. या ब्रिटिश खेळाने २०१२ मध्ये आपली लढाईची पद्धत मुळापासून बदलली, खेळाडू खवळले, आणि २०१३ च्या फेब्रुवारीत कंपनीला खेळाची २००७ सालची आवृत्ती वेगळी सुरू करावी लागली. तिथे प्रत्येक मोठा बदल खेळाडूंच्या मतदानाने ठरू लागला, आणि संमतीसाठी साधे बहुमत पुरत नसे, ७५ टक्के मते लागत. त्याच जुन्या-प्रेमी खेळाडूंनी २०१५ मध्ये आपोआप चालणारी बाजारपेठ मतदानाने परत आणली. बोगद्याच्या बाजाराची आठवण काढणारी माणसे प्रत्यक्षात बटणच दाबतात, असा याचा अर्थ होतो. तरी तो जुना खेळ टिकला, वाढला, आणि आज मूळ खेळापेक्षा लोकप्रिय आहे. कारण दोन गोष्टी त्याने सोडल्या नाहीत. जुन्या कष्टांचे मोल रातोरात बुडवायचे नाही, आणि खेळाडूच्या मताला वजन द्यायचे. परस्परांची गरज एका जागी कमी झाली, पण खेळाला आपली गरज आहे ही जाणीव दुसऱ्या जागी मिळाली. ‘फायनल फँटसी १४’चेही काहीसे असेच. २०१० मध्ये आपटलेला हा खेळ नाओकी योशिदा यांनी २०१३ मध्ये नव्याने उभा केला. त्यात जुळवणीची सोय आहे, एकट्याने खेळण्याचीही आहे. पण मुरलेल्या खेळाडूंना नवख्यांच्या जुन्या गुहांत रोज जाण्याबद्दल खास बक्षीस मिळते, त्यामुळे नव्याला जुना लागतो आणि जुन्यालाही नवा लागतो. काम नसेल तर वर्गणी थांबवा, पुढे परत या, असे योशिदा उघडपणे सांगत आले. तरी डिसेंबर २०२१ मध्ये गर्दी एवढी झाली की खेळाची विक्रीच काही काळ थांबवावी लागली.

उलट बाजूही तपासून घ्यावी. नुसत्या गोष्टीच्या आणि देखाव्याच्या बळावर उभे राहिलेले खेळ किती टिकले? ‘स्टार वॉर्स: द ओल्ड रिपब्लिक’ डिसेंबर २०११ मध्ये आला. त्यातल्या कथेचा प्रत्येक संवाद नटांनी बोललेला होता. फेब्रुवारी २०१२ मध्ये १७ लाख वर्गणीदार असल्याचे कंपनीने सांगितले, मे महिन्यात १३ लाख. गोष्ट ऐकून झाली, माणसे उठली. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात खेळ फुकट करावा लागला. अॅमेझॉनच्या ‘न्यू वर्ल्ड’मध्ये २०२१ च्या उन्मादात एका वेळी नऊ लाखांहून अधिक माणसे हजर होती, पण काही महिन्यांत ही गर्दी एक-पंचमांशाच्याही खाली गेली. कथा आणि नावीन्य माणसाला दारापर्यंत आणतात, फार तर ओसरीवर बसवतात.

याच्या दुसऱ्या टोकाला आइसलँडमधल्या ‘सीसीपी’ कंपनीचा ‘ईव्ह ऑनलाइन’ आहे. २००३ पासून चालू असलेल्या या अंतराळातल्या खेळात जवळजवळ प्रत्येक जहाज कुणा ना कुणा खेळाडूने खाणीतून धातू काढून, कारखान्यात जोडून बनवलेले असते. बहुतेक सगळे एकाच सर्व्हरवर असल्याने विश्वासघात वर्षानुवर्षे लक्षात राहतो. जानेवारी २०१४ मध्ये एका गटाचे आपल्या ताब्यातल्या प्रदेशाचे बिल भरायचे राहिले. त्यातून ‘बी-आर५आरबी’ या ताऱ्याभोवती एकवीस तासांची लढाई पेटली. साडेसात हजारांहून अधिक खेळाडू तिच्यात उतरले आणि पंचाहत्तर महाकाय जहाजे नष्ट झाली. ही कथा कोणत्याही लेखकाने लिहिली नव्हती. मात्र या खेळाची वर्गणी कधी पाच लाखांच्या फार पुढे गेली नाही, आणि नवखे तिथे फार लवकर हताश होतात. परस्परांची गरज जपायची तर वस्ती लहान राहते, ही तिची किंमत आहे आणि ती लपवू नये.

परिस्थिती बदलली हेही मान्य करायला हवे. २००० साली परक्या देशातल्या माणसाशी रोज बोलायच्या मोजक्या जागांपैकी असे खेळ ही एक होती. फेसबुक आले, २०१५ मध्ये डिस्कॉर्ड आले, आणि मैत्री खेळाबाहेर जाऊन बसली. आता टोळी खेळ सोडते, पण टोळी म्हणून एकत्रच राहते आणि दुसऱ्या खेळात जाते. पण यामुळे मूळ मुद्दा अधिकच पक्का होतो. माणसे एकमेकांशी अजून बांधलेली आहेत, फक्त ते बांधून ठेवण्याचे काम खेळाने सोडून दिले. ‘सिटी ऑफ हीरोज’ हा खेळ कंपनीने २०१२ मध्ये बंद केला, तेव्हा खेळाडूंनी तो आपल्या सर्व्हरांवर जिवंत ठेवला, आणि जानेवारी २०२४ मध्ये त्याच कंपनीने स्वयंसेवकांच्या एका गटाला रीतसर परवाना दिला. तिथे खेळाडूंनी खेळ सोडला नव्हता, कंपनीने सोडला होता.

तेव्हा खेळाडू टिकत नाहीत ही तक्रार करणाऱ्यांनी आधी आपला हिशोब तपासावा. कोट्यवधींची गर्दी आणि वर्षानुवर्षांची वस्ती या दोन गोष्टी एकाच खेळाला सहसा मिळत नाहीत. गेल्या वीस वर्षांत बहुतेकांनी पहिलीसाठी दुसरी मोडली आणि अखेर दोन्ही गमावल्या. आज भारतातही मोठे खेळ बनवण्याची स्वप्ने पाहिली जात आहेत. ते बनवणाऱ्यांनी पहिला प्रश्न नकाशाचा वा तलवारींचा विचारू नये. आपल्या खेळातल्या एका साध्या माणसावाचून दुसऱ्या कुणाचे काय अडणार आहे, हे आधी ठरवावे. एका वेळी नऊ लाखांची गर्दी खेचणारा ‘न्यू वर्ल्ड’ काही महिन्यांत ओसरला. कधीही कोटीच्या आसपास न पोहोचलेले ‘अल्टिमा ऑनलाइन’ आणि ‘एव्हरक्वेस्ट’ पाव शतक उलटून गेल्यावरही चालू आहेत.